दुबईचा फ्लॅट ठीक, पण पैसे कोणत्या वाटेने जाणार?

वाचकाचे पत्र

नमस्कार. मी नाशिकला एका कंपनीत नोकरी करतो, वय ५१. पत्नी शिक्षिका आहे. गेल्या वर्षी आम्ही एक एनए प्लॉट विकला, त्याचे १ कोटी १० लाख हातात आहेत. मागच्या महिन्यात इथल्या एका हॉटेलात दुबईच्या प्रॉपर्टीचे प्रदर्शन होते. तिथे ९ लाख दिरहमचा, साडेसातशे फुटांचा वन बीएचके पसंत पडला. इमारत अजून उभी राहायची आहे, ताबा तीन-साडेतीन वर्षांनी. २० टक्के बुकिंगला, मग दरमहा एक टक्का असे ४० महिने, आणि उरलेले ४० टक्के ताब्याच्या वेळी. वर्षाला ८ टक्के भाडे, दुबईत आयकर नाही, शिवाय गोल्डन व्हिसा म्हणजे तिथे दीर्घकाळ राहायचा परवाना, असे सांगितले गेले. पैसे कमी पडले तर घराच्या कर्जावर टॉप-अप घ्यायचा विचार आहे. पत्नीचा भाऊ शारजाहला असतो. तो म्हणतो, "दाजी, दिरहम मी इकडे भरतो, तुम्ही तिकडे माझ्या ठाण्याच्या फ्लॅटचे हप्ते भरा, बँकेची कटकट नको." टोकनचे १० हजार दिरहम त्यानेच त्याच्या कार्डावरून भरलेत. एजंट म्हणतो, प्लॉटचा पैसा घरात गुंतवला की त्यावरचा करही वाचतो. पुढे जावे का? काय काळजी घ्यावी?

— एक वाचक, नाशिक

उत्तर

नमस्कार.

बिल्डर कोण, एरिया कसा, भाव वाढतील का, हे सगळे प्रश्न मी जरा बाजूला ठेवतो. दुबईत घर घेताना मराठी माणसाचे पाय बहुतेक वेळा दुबईत अडकत नाहीत, इथेच अडकतात. तिथला कायदा परदेशी माणसाला विकत घ्यायला मोकळीक देतो. २००६ च्या कायद्याने ठरावीक भागांत परदेशी नागरिकाला पूर्ण मालकी मिळते. पण तुम्ही भारतात राहता, म्हणून तुमच्यावर फेमा हा परकीय चलनाचा कायदा लागू आहे आणि भारताचा आयकर कायदाही. प्रदर्शनातल्या स्टॉलवर या दोघांचे नाव कोणी काढत नाही, कारण एजंटचे कमिशन दुबईत ठरते आणि नोटीस आली तर ती नाशिकला येते.

सगळ्यात आधी मेहुण्यांचा प्रस्ताव. त्यांचा हेतू चांगला आहे, याबद्दल मला शंका नाही. पण हा व्यवहार करू नका. तिकडे त्यांनी तुमच्यासाठी दिरहम भरायचे आणि त्या बदल्यात इकडे तुम्ही त्यांचे रुपये भरायचे, याला फेमाच्या कलम ३ मध्ये स्पष्ट मनाई आहे. परदेशातली मालमत्ता मिळवण्याचा मोबदला म्हणून भारतात केलेला आर्थिक व्यवहार, अशी जवळपास याच शब्दांत तिथे व्याख्या आहे. हवाला म्हणजे फक्त झवेरी बाजारातली नोटांची पुडकी, असा आपला समज असतो. घरातल्या घरात झालेली अशी फिरवाफिरवीही त्याच खात्यात जमा होते. दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. त्याहून बोचरी गोष्ट अशी की परदेशातली मालमत्ता नियम मोडून घेतलेली असल्याचा संशय आला, तर तिच्या किमतीइतकी भारतातली मालमत्ता जप्त करण्याची सोय कलम ३७अ मध्ये आहे. म्हणजे दुबईच्या फ्लॅटसाठी नाशिकचे राहते घर टांगणीला. मेहुण्यांशी बोलताना एवढेच सांगा की बँकेची कटकट हाच तुमच्या बाजूचा पुरावा आहे.

सरळ वाट आहे, आणि ती फार अवघडही नाही. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत प्रत्येक निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, आणि परदेशात घर घेणे हे त्यातले मान्य कारण आहे. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, त्यामुळे ही मर्यादा ९ लाख १८ हजार दिरहम होते. तुमच्या फ्लॅटची किंमत ९ लाख, त्यावर दुबई लँड डिपार्टमेंटची ४ टक्के नोंदणी फी ३६ हजार, एकूण ९ लाख ३६ हजार. एका माणसाच्या एका वर्षात हे थोडक्यात मावत नाही. पैसे चार वर्षांत विभागून जाणार असतील किंवा पत्नीच्या नावेही मर्यादा वापरली, तर मावते. नवरा-बायकोला आपापली मर्यादा एकत्र करून एक घर घेता येते, मात्र दोघांनी आपापल्या पॅनवर, आपापल्या खात्यातून पैसे पाठवायचे आणि मालकीतही दोघांची नावे घालायची. पत्नीच्या खात्यातला पैसा मुळात तुम्ही दिलेला असेल, तर तिच्या वाट्याचे भाडे तुमच्याच उत्पन्नात धरले जाईल, हेही लक्षात असू द्या.

टॉप-अप कर्जाचा विचार सोडून द्या. एलआरएसमधून भांडवली व्यवहारासाठी पैसे पाठवायला बँकेने कर्ज देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. फॉर्मवर "घराची दुरुस्ती" लिहून ते पैसे दुबईला धाडणारे लोक मला माहीत आहेत. कागदावर ते खोटे निवेदन ठरते. क्रेडिट कार्डाचेही तसेच. परदेशात हॉटेलचे बिल भरायला कार्ड चालते, फ्लॅटचे बुकिंग करायला नाही. स्टॉलवर मशीन ठेवलेले असते आणि ते सफाईने पुढे केले जाते, पण म्हणून ते कायदेशीर होत नाही.

आता टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ घेते तो आयकर. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपुढे अशा कारणासाठी पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के कापते. दिरहम २४ रुपयांचा धरू, आकडे सोपे पडतात. बुकिंगचे १ लाख ८० हजार आणि नोंदणीचे ३६ हजार दिरहम म्हणजे ५१ लाख ८४ हजार रुपये. त्यातले १० लाख सोडून ४१ लाख ८४ हजारांवर २० टक्के म्हणजे जवळजवळ ८ लाख ३७ हजार रुपये, आणि हे पाठवायच्या रकमेच्या वर बँकेत द्यायचे. हा वेगळा कर नाही. रिटर्न भरताना तो तुमच्या आयकरात वळता होतो किंवा परत मिळतो. नोकरदाराला तो कंपनीला कळवून पगारातला टीडीएसही कमी करून घेता येतो. पण तोवर रक्कम अडकते, आणि तुमच्या १ कोटी १० लाखांच्या हिशेबात ती कुठेच दिसत नाही.

तो हिशेब मुळातच जुळत नाही, हे तुमच्याही लक्षात आले असेल. ९ लाख ३६ हजार दिरहम म्हणजे आजच्या धरलेल्या दराने २ कोटी २४ लाख रुपये. दरमहा एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. तो ९ हजार दिरहम असतो, म्हणजे महिन्याला २ लाख १६ हजार. आणि शेवटचे ४० टक्के म्हणजे ८६ लाख ४० हजार, तेही एकरकमी, तीन वर्षांनंतरच्या दराने. दहा वर्षांपूर्वी दिरहम १७-१८ रुपयांना होता. रुपया असाच घसरत राहिला तर फ्लॅटची रुपयांतली किंमत वाढेल हे खरे, पण हप्ते भरत असताना ती घसरण तुम्हालाच सोसावी लागेल. "तोवर विकून टाका, नफा घेऊन बाहेर पडा," असे एजंट सांगेल. बहुतेक करारांत ३०-४० टक्के भरल्याशिवाय बिल्डर पुनर्विक्रीला ना-हरकत देत नाही. ते कलम वाचल्याशिवाय या सल्ल्यावर विसंबू नका.

हप्त्यांबद्दल आणखी एक. बांधकाम चालू असतानाचे हप्ते बँका सहसा एलआरएसमधून जाऊ देतात. पण ताबा घेतल्यावर चार-पाच वर्षे फेडत राहायच्या ज्या योजना आहेत, त्या परदेशातून घेतलेल्या कर्जाच्या फार जवळ जातात, आणि निवासी भारतीयाला तसे कर्ज सहज घेता येत नाही. तुमची योजना ताब्यापाशी संपते, त्यामुळे बरी. तरीही करार सहीआधी बँकेच्या परकीय चलन विभागाला दाखवा आणि त्यांचे उत्तर ईमेलवर घ्या. तोंडी "होऊन जाईल सर" चालणार नाही.

प्लॉटच्या करावर एजंटने जे सांगितले ते चूक आहे. प्लॉट विकून झालेला भांडवली नफा घरात गुंतवून कर वाचवता येतो, पण ते घर भारतात असावे लागते. पूर्वी यावर वाद होते, २०१४ च्या अर्थसंकल्पानंतर ते मिटले. म्हणजे दुबईचा फ्लॅट घेतलात तर प्लॉटवरचा कर भरावाच लागेल. गेल्या वर्षी नेमका कोणत्या महिन्यात विकला, ते तुम्ही लिहिलेले नाही. रिटर्नची मुदत उरली असेल आणि भारतात घर घ्यायचे मनात असेल, तर रक्कम बँकेच्या कॅपिटल गेन्स खात्यात ठेवून वेळ मिळवता येतो. हे काम याच आठवड्यात तुमच्या सीएकडे न्या. दुबईचा निर्णय दोन महिने लांबला तर काही बिघडत नाही, ही मुदत मात्र एकदा गेली की गेली.

आता ८ टक्के भाडे. ९ लाखांवर ८ टक्के म्हणजे वर्षाला ७२ हजार दिरहम. वर्षातला एक महिना भाडेकरू नाही असे धरा, उरले ६६ हजार. तिथल्या मेंटेनन्सला सर्व्हिस चार्ज म्हणतात आणि तो चौरस फुटावर असतो. १५ दिरहम धरले तर साडेसातशे फुटांचे ११,२५०. पोहण्याचा तलाव, जिम, काचेची लॉबी यांचे फोटो पाहताना हा आकडा आठवावा. लांबून भाडेकरू सांभाळायला माणूस लागतो, त्याचे ५ टक्के म्हणजे ३,३००. उरले ५१,४५०. दुबईत यावर आयकर नाही, खरे आहे. पण तुम्ही भारताचे निवासी, तुमचे जगभरचे उत्पन्न इथे करपात्र. भाड्यातून ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते, सर्व्हिस चार्जची वेगळी वजावट नाही. ६६ हजारांचे ७० टक्के म्हणजे ४६,२०० आणि तुम्ही वरच्या स्लॅबमध्ये असाल तर सेससह ३१.२ टक्क्यांनी साधारण १४,४०० कर. तिकडे कर भरलेलाच नाही, त्यामुळे दुहेरी कर टाळण्याच्या करारातून वळते करून घ्यायलाही काही नाही. हातात आले ३७ हजार, म्हणजे नोंदणी धरून केलेल्या गुंतवणुकीवर ४ टक्के. तेही ८ टक्के भाडे खरोखर मिळाले तर, आणि ताबा मिळाल्यानंतर. त्याआधीची तीन-साडेतीन वर्षे शून्य. "भाड्याची हमी" लिहून देणाऱ्यांना मी विचारतो, हमी कोणाची, किती वर्षांची आणि तिचे पैसे फ्लॅटच्या किमतीतच चढवलेले नाहीत ना?

रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेसाठी शेड्यूल एफए नावाचा तक्ता असतो. भाडे येवो न येवो, पहिला हप्ता भरल्यापासून दरवर्षी त्यात नोंद करा. त्यात आर्थिक नव्हे, कॅलेंडर वर्ष धरतात, इथे खूप जण चुकतात. तिकडे भाड्यासाठी बँक खाते उघडलेत तर तेही लिहायचे. ही नोंद राहिली तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यात १० लाखांचा दंड आहे. वीस लाखांपर्यंतच्या मालमत्तेला त्यातून जी सवलत दिली आहे, ती स्थावर मालमत्तेला लागू नाही. आणि तिथले भाडे वापराविना पडू देऊ नका. एलआरएसच्या नियमाप्रमाणे न गुंतवलेला पैसा १८० दिवसांत परत आणावा लागतो.

गोल्डन व्हिसा या फ्लॅटवर मिळणार नाही. त्यासाठी २० लाख दिरहमची मालमत्ता लागते. तुम्हा दोघांची एका वर्षाची मर्यादा जोडली तरी ती १८ लाख ३६ हजारच होते, यावरून अंदाज यावा. जुलै २०२५ मध्ये, भारतीयांना लाखभर दिरहम भरून आयुष्यभराचा गोल्डन व्हिसा मिळणार अशी बातमी आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली होती. यूएईच्या सरकारी खात्याने ती लगेच खोडून काढली. आणि व्हिसा मिळाला म्हणून कोणी अनिवासी होत नाही. भारतात किती दिवस राहिलात त्यावर ते ठरते.

एवढे सगळे सांभाळून जमत असेल तरच मग दुबईची बाजू पाहायची. त्या बाबतीत मला तिथल्या व्यवस्थेबद्दल आदर आहे, आणि तो त्यांनी ठेच खाऊन कमावलेला आहे. २००८ नंतर तिथले भाव निम्म्यापर्यंत आले, शेकडो प्रकल्प रखडले. समुद्रात भराव टाकून करायचे पाम जबेल अली तेव्हा थांबले ते २०२३ मध्ये नव्याने सुरू झाले. ज्यांनी आधीच्या काळात पैसे भरले त्यांनी इतकी वर्षे काय केले असेल, याचा विचार बुकिंगच्या टेबलावर करावा. एस्क्रो म्हणजे त्या एका प्रकल्पासाठीच राखून ठेवलेले बँक खाते, त्याचा कायदा २००७ चा. नव्या प्रकल्पाचे पैसे त्या प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यातच भरायचे, बिल्डरच्या दुसऱ्या खात्यात नाही, एजंटच्या तर नाहीच. बँकेला पाठवायच्या सूचनेत खात्याच्या नावात प्रकल्पाचे नाव आहे का ते अक्षर न् अक्षर जुळवा. 'दुबई रेस्ट' नावाचे लँड डिपार्टमेंटचे अ‍ॅप आहे. त्यात प्रकल्प नोंदलेला आहे का, काम किती टक्के झाले, एस्क्रो कोणत्या बँकेत, एजंटचा परवाना चालू आहे का, हे बसल्या जागी दिसते. आपल्याकडे महारेराने जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला, तसा तिथल्या जाहिरातीलाही परवाना आणि कोड लागतो. प्रदर्शनातले माहितीपत्रक अजून घरात असेल तर तो कोड आज स्कॅन करून पाहा.

बुकिंगनंतर फ्लॅट तुमच्या नावे 'ऊकूद' या तात्पुरत्या नोंदवहीत चढला पाहिजे. चार टक्के त्याचेच असतात. "फी आम्ही भरू" अशी सवलत असेल तर ती करारात लिहून घ्या. मध्येच हप्ते थांबले तर काय, हे कलम तर दोनदा वाचा. काम किती झाले आहे त्यानुसार बिल्डर रितसर नोटिशीनंतर करार मोडून फ्लॅटच्या किमतीच्या २५ ते ४० टक्क्यांपर्यंत रक्कम ठेवून घेऊ शकतो. तुमच्या बाबतीत ही शक्यता पुस्तकी नाही, कारण शेवटचे ८६ लाख कुठून येणार याचे उत्तर आज तुमच्याकडे नाही.

आणि मृत्युपत्र. हा विषय काढला की लोकांना अशुभ वाटते, पण बिगरमुस्लिम मालकाचे मृत्युपत्र तिथे नोंदलेले नसेल तर घरच्यांना तिथल्या कोर्टाच्या फेऱ्या चुकत नाहीत. डीआयएफसी या दुबईतल्या आर्थिक केंद्राच्या न्यायालयात २०१५ पासून बिगरमुस्लिमांच्या मृत्युपत्रांची इंग्रजीत नोंद होते. ताबा मिळण्याची वाट न पाहता ते करून टाकावे. नाशिकच्या वकिलाने केलेले मृत्युपत्र त्या कामाला पुरेल असे धरून चालू नका.

माझे मत विचाराल, तर हा फ्लॅट या पद्धतीने घेऊ नका. हातातल्या पैशाच्या दुप्पट किमतीचा सौदा, तोही निवृत्तीला सात-आठ वर्षे असताना, मला पटत नाही. डॉलरशी जोडलेली मालमत्ता असावी ही इच्छा रास्त आहे. मग प्लॉटचा कर बाजूला काढून जे उरेल त्यात बसणारा, बांधून तयार असलेला, भाडेकरू राहत असलेला स्टुडिओ फ्लॅट पाहा. त्याचे टायटल डीड आज तपासता येते, भाडेकरूचा 'इजारी', म्हणजे सरकारदरबारी नोंदलेला भाडेकरार पाहून भाडे खरे किती ते कळते, मागच्या वर्षाचे सर्व्हिस चार्जचे बिल मागता येते. एजंटचे २ टक्के जातील, ते जाऊ द्या. फक्त राहत्या भाडेकरूला विक्रीसाठी किंवा स्वतः राहण्यासाठी बाहेर काढायचे तर नोटरीमार्फत किंवा रजिस्टर्ड पोस्टाने बारा महिन्यांची नोटीस लागते, हे माहीत असावे. पाहायला स्वतः जा. मेहुण्यांचा खरा उपयोग तिथे आहे: दुपारी चारला आणि रात्री नऊला इमारतीखाली उभे राहून ते पार्किंग, लिफ्टची रांग आणि शेजारी चाललेले बांधकाम बघू शकतील.

राहिले टोकनचे १० हजार. नुसता खरेदीची इच्छा नोंदवणारा फॉर्म भरला असेल आणि फ्लॅटचा नंबर पडला नसेल, तर ही रक्कम परत मिळण्याचे कलम बहुतेक त्याच फॉर्मवर असते. मेहुण्यांना सांगून आजच बिल्डरच्या अधिकृत ईमेलवर रद्द करण्याची विनंती पाठवा, एजंटला फक्त प्रत द्या, आणि पैसे ज्या कार्डावरून गेले त्याच कार्डावर परत मागा. तुमच्या खात्यावर नको.